सख्ख्या बहिणी, एक ऑपरेशन होऊन घरी आली आणि दुसरी तिला ओळखेचना

ठकीची_आई, ठाणे
3 जुलै, रात्री 11:52

नमस्कार मंडळी. इथं खूप दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच लिहितेय कारण आता खरंच काही सुचेनासं झालंय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आमच्याकडे दोन मांजरी आहेत, ठकी आणि चकली. सख्ख्या बहिणी. चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात बिल्डिंगच्या मीटर रूममध्ये सापडल्या, डोळे नुकतेच उघडले होते, रात्री दोन दोन तासांनी उठून ड्रॉपरने पाजून वाढवल्यात. चार वर्षं एका टोपलीत झोपल्या. एकीने मान पुढे केली की दुसरी चाटायला लागायची, कोणाचं शेपूट कुठलं ते कळायचं नाही.

जूनमध्ये चकलीने खाणं सोडलं, पाणी मात्र सारखं प्यायची आणि मागून घाण वासाचा स्राव जायला लागला. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं की गर्भाशयात पू झालाय, लगेच काढावं लागेल. (दोघींचंही नसबंदीचं ऑपरेशन करायचं राहिलं होतं, घराबाहेर जातच नाहीत तर काय गरज असं वाटायचं. ती चूक आमचीच.) 14 तारखेला ऑपरेशन झालं, दोन रात्री तिथंच ठेवली आणि 16 जूनला संध्याकाळी घरी आणली.

ठकी दारातच बसली होती. दोन दिवस घरभर ओरडत शोधत होती तिला. मी टोपली खाली ठेवून झाकण उघडलं, ठकी नाक पुढे करून आली, चकलीच्या गळ्यातल्या त्या प्लास्टिकच्या कॉलरचा वास घेतला, मग तोंड अर्धवट उघडं ठेवून तशीच थांबली आणि एकदम असा आवाज काढला की माझ्या हातापायातलं बळच गेलं. चार वर्षांत तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. अंगावरचे सगळे केस उभे, शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखं, आणि गेली की तिच्या अंगावर.

तेव्हापासून हे असंच चाललंय. टाके निघाले, कॉलर निघाली, तरी ठकी तिला जवळ येऊ देत नाही. दिवसभर मारामारी चालते असंही नाही, पण ठकी बाथरूमच्या पॅसेजमध्ये जाऊन बसते आणि एकटक बघत राहते. त्यांचा मातीचा ट्रे तिथंच आहे. चकली कपाटावर. खाली उतरली की गुरगुर सुरू. दोनदा चकलीने आमच्या गादीवर लघवी केली. शिवाय पावसामुळे एक थोराड बोका हॉलच्या खिडकीबाहेर छज्ज्यावर येऊन बसतो, तो आला की ठकी अजूनच पिसाळते. रविवारी फारच जुंपली, मी सोडवायला हात घातला तर मनगटावर दोन खोल दात लागले. कोणाचे ते कळलंही नाही.

घर वन बीएचके. माणसं चार. सासूबाई म्हणतात एकीला मासळी बाजारात सोडून या, तिथं पोटाला कमी पडायचं नाही. त्या वाईट नाहीत हो, चकली आजारी होती तेव्हा मांडीवर घेऊन बसायच्या, पण रात्री दोन दोन वाजता किंचाळ्या ऐकून त्याही थकल्यात. नवरा म्हणतो नाशिकला नणंदेकडे देऊ एकीला. लेक नऊ वर्षांची आहे, हे ऐकून जेवली नाही आज.

हे परत कधी नीट होतं का? की कायमचं बिघडलं? कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज लिहा.

---

पाच_मांजरांचं_घर, सांगली
4 जुलै, सकाळी 7:15

ताई, आधी हे वाचा आणि मग चहा घ्या: कायमचं बिघडलेलं नाही. आमच्याकडे हे दोनदा झालंय, मायलेकींमध्ये.

माणूस माणसाला चेहऱ्याने ओळखतो, मांजर मांजराला वासाने. त्यांच्या गालाला, हनुवटीला, पंजाच्या गादीला, शेपटीच्या मुळाशी वासाच्या ग्रंथी असतात, त्या एकमेकींना घासून, चाटून घराचा एक सामाईक वास तयार करतात. तो वास आला की आपली, नाही आला की परकी. तुमची चकली दोन रात्री दवाखान्यात होती, स्पिरिट, भूल, औषधं, दुसरी घाबरलेली जनावरं, सगळ्याचा वास घेऊन आली आणि आपला घरचा वास धुऊन गेलेला. वर गळ्यात ती कॉलर, चालणं वेगळं. ठकीला दिसलं काय, तर चकलीच्या आकाराचं कोणीतरी परकं घरात शिरलंय. ते तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबणं लिहिलंत ना, मांजर टाळूच्या एका खास अवयवाने वास तपासते तेव्हा अगदी तसंच करते. ती आपल्या बहिणीला शोधत होती आणि तिला ती सापडली नाही. ठकीवर रागावू नका, तिची बहीण तिच्या मते अजून घरी आलेलीच नाही.

खरं तर पहिल्याच दिवशी वेगळ्या ठेवायला हव्या होत्या, वास उतरेपर्यंत. पण हे कोणी सांगत नाही, दवाखान्यातही नाही. आता रोजच्या भांडणांनी प्रकरण वासाच्या पुढे गेलंय, दोघींना एकमेकींची भीती बसलीय, म्हणून एकदा पाटी कोरी करायची आणि दोघी नव्याच मांजरी आहेत असं धरून चालायचं.

आज रात्रीपासूनच वेगळ्या करा. बेडरूम चकलीला द्या, कारण घाबरलेली ती आहे आणि तुमच्या अंथरुणाचा वास तिला धीर देईल. ट्रे, पाणी, खाणं, एक पुठ्ठ्याचा खोका, सगळं आत. दार बंद. तीन-चार दिवस काहीही करायचं नाही, दोघींना नीट खाऊ द्या, झोपू द्या. मग जुना सुती पंचा घ्या, त्याने चकलीचे गाल हलक्या हाताने पुसा आणि तो ठकीच्या ताटलीजवळ ठेवा, ताटलीखाली नाही, जरा लांब. फिस्कारली तर अजून लांब. दुसऱ्या पंच्याने ठकीचे गाल, तो चकलीकडे. ती पंचाकडे लक्ष न देता जेवायला लागली की एक पायरी झाली. मग रोज तासभर खोल्यांची अदलाबदल, म्हणजे ठकी बेडरूममध्ये आणि चकली हॉलमध्ये, मध्ये कुठेही भेट न होता.

मग दाराच्या दोन्ही बाजूंनी जेवण. ताटल्या आधी पाच-सहा फूट लांब, रोज वीतभर पुढे. दाराला लागून शांतपणे खायला लागल्या की मगच एकमेकींना दिसू द्यायचं, तेही मध्ये जाळी लावून. मच्छरदाणीची जाळी चालत नाही, एका पंजात फाटते. मी जुन्या खिडकीची लोखंडी जाळीची चौकट भंगारवाल्याकडून आणून चौकटीला सुतळीने बांधली होती आणि त्यावर जुनी साडी टाकली होती, ती साडी रोज खालून चार बोटं वर घ्यायची. पहिल्या दिवशी फक्त पंजे दिसायचे एकमेकींचे. पंजे बघत बघत चिकन खाल्लं दोघींनी, आणि आठव्या दिवशी चेहरा दिसला तेव्हा लेकीने फक्त एकदा मान वर केली आणि परत ताटलीत.

आणि तो बोका, तुम्ही जाता जाता लिहिलंय पण मला ते फार महत्त्वाचं वाटतंय. ठकीला तो काचेपलीकडे दिसतो, त्याच्यापर्यंत पोचता येत नाही, मग सगळा राग जवळ जी असेल तिच्यावर निघतो. खिडकीच्या खालच्या काचांना आजच्या आज बटर पेपर चिकटवा. ठकीचं ऑपरेशन झालेलं नाही ना, तो तिच्यासाठीच येतोय.

---

वाशिष्ठी_काठचा, चिपळूण
4 जुलै, दुपारी 1:30

एवढं कशाला करायचं? आमच्याकडे घरात लहानपणापासून चार-पाच मांजरं असायचीच, कोणी कोणाला वेगळं ठेवलं नाही की जाळ्या बांधल्या नाहीत. दोन दिवस भांडतात आणि मग आपोआप ठरतं कोण मोठं ते. मोकळं सोडा, मध्ये पडू नका, फारच झालं तर तांब्याभर पाणी मारा अंगावर. शहरात लोक मांजरांचं पण टेन्शन घेतात. मनापासून सांगतोय ताई, राग नको.

---

पाच_मांजरांचं_घर, सांगली
4 जुलै, दुपारी 3:05

दादा, राग नाही, माझंही बालपण वाड्यातच गेलंय. पण आठवून बघा, तिथं हरलेलं मांजर काय करायचं? पडवीतून गोठ्यात, गोठ्यातून कौलांवर, नाहीतर सरळ शेजारच्यांकडे मुक्कामाला. आपल्याला वाटायचं पटलं त्यांचं, पण पटलेलं नसायचं, एक जण निघून गेलेलं असायचं. महिन्याने ते वाळलेलं मांजर दारात आलं की आजी म्हणायची, बघा, फिरून आलं. ठाण्याच्या वन बीएचकेत चकलीने कुठं जायचं? ती कपाटावर गेली, तिची गच्ची तीच.

आणि पाणी मारू नका, कळकळीची विनंती. मांजराला कळत नाही की भांडले म्हणून पाणी पडलं. तिच्या डोक्यात एवढंच बसतं की ती दुसरी जवळ आली की वाईट होतं. सोडवायचंच असेल तर मध्ये पुठ्ठा किंवा उशी सरकवा, नाहीतर एकीवर जाड चादर टाका, ताटली वाजवा. हात कधीच घालायचा नाही.

---

गाईम्हशींचा_डॉक्टर, सातारा
4 जुलै, रात्री 9:40

मी पशुवैद्यक आहे, रोजचं काम गाईम्हशींचं, पण मांजरंही येतात माझ्याकडे. वर सांगितलेली पद्धत बरोबर आहे, मी फक्त राहिलेलं लिहितो.

पहिलं तुमचं मनगट. ठकीची_आई, मांजराचा दात सुईसारखा असतो, वरून भोक बुजतं आणि घाण आत राहते. चावल्या चावल्या साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं असतं, नुसतं जंतुनाशक लावून भागत नाही. उद्या सकाळी डॉक्टरकडे जा, रेबीजच्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल त्यांना ठरवू द्या. मांजरी घरातच असतात, लस दिलीय की नाही, हे सगळं त्यांना सांगा, पण घरी बसून आपणच ठरवू नका. महापालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. हात सुजला किंवा लाल रेघ वर चढायला लागली तर उद्याचीही वाट बघू नका.

दुसरं, हेच मांजरींनाही लागू. दोघींच्या अंगावरून रोज हात फिरवा. पळणाऱ्या मांजराला दात बहुतेक शेपटीच्या मुळाशी, मांडीला लागतात आणि हल्ला करणाऱ्याला तोंडावर किंवा पुढच्या पायांवर. दोन-चार दिवसांनी तिथं गरम गाठ हाताला लागली, खाणं कमी झालं तर आत पू झालाय समजा.

तिसरं, गादीवरची लघवी. तिला खोड लागली असं धरू नका. ठकी ट्रेच्या वाटेवर बसते हे तुम्हीच लिहिलंय, म्हणजे चकलीने जायचं कुठून? ही सगळ्यात शांत आणि सगळ्यात वाईट मारामारी असते, आवाज नाही, रक्त नाही, नुसतं वाट अडवून बसायचं आणि घरातल्यांना वाटतं आज शांत आहेत. ट्रे दोन मांजरींना तीन हवेत आणि एकाच कोपऱ्यात ओळीने नकोत. एक बाथरूम, एक बाल्कनी, एक बेडरूममध्ये. दुकानातलाच ट्रे हवा असं नाही, प्लास्टिकचं पसरट घमेलं चालतं. तरीही लघवी तपासून घ्या. ताणाने मांजराच्या लघवीच्या पिशवीला सूज येते, जंतू नसतानाही. थेंब थेंब होत असेल, सारखी बसत असेल, रक्त दिसलं तर लगेच. (बोका पाळणाऱ्या बाकीच्यांसाठी: बोका बसतोय आणि लघवी होतच नाही असं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. मूत्रमार्ग बंद झाला की जीव जातो.)

गादी आणि फरशी फिनाईलने पुसू नका. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होतं ते जंतुनाशकही नको. त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या लिव्हरला बाहेर काढता येत नाहीत, ती पंजाला लागतात आणि पंजा चाटला की पोटात. पाणी, व्हिनेगर, मग खायचा सोडा. आणि दुखतंय म्हणून आपली तापाची गोळी तर कधीच नको, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

शेवटचं, ठकीचंही ऑपरेशन करून घ्या. चकलीला जे झालं ते तिलाही होऊ शकतं. पण आत्ता नाही, आधी घर शांत होऊ दे.

---

निळी_खिडकी, पुणे
5 जुलै, सकाळी 10:20

मी जरा वेगळा अनुभव लिहिते कारण सगळीकडे गोड शेवटच वाचायला मिळतात आणि मग ज्यांचं जमत नाही त्यांना वाटतं आपणच कमी पडलो.

आमच्या दोघींचं कधीच पटलं नाही. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ना, तेच. एक घरची, एक मी पावसातून उचलून आणलेली, मोठीच होती ती. जाळी, पंचा, ताटल्या सगळं केलं, चार महिने केलं, डॉक्टरांनी शांत करायचं औषधही दिलं होतं. मैत्री झाली नाही. पण सात वर्षं झाली, दोघी माझ्याकडेच आहेत. सकाळी एक हॉलमध्ये, दुपारी तीनला बदली. आता दोघींना वेळ माहिती झालीय, तीन वाजले की एक जण स्वतःच उठून आतल्या दारापाशी येऊन बसते. मधल्या काळात भिंतीवर फळ्या मारून घेतल्या, एक वाट खालून आणि एक वरून, त्यामुळे चुकून समोरासमोर आल्याच तरी दोघींना निघून जायला जागा असते. बघतात, तोंड फिरवतात, जातात. मला तेवढं पुरतं.

तुमच्या तर बहिणी आहेत आणि चार वर्षं एका टोपलीत झोपल्यात, तुमचं नक्की जास्त चांगलं होईल. पण नाहीच झालं तरी मासळी बाजार नको हो. घरात वाढलेलं मांजर तिथं टिकत नाही, तिथल्या बोक्यांची हद्द असते, कुत्री असतात, गाड्या असतात. आईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढं त्यांना वाचून दाखवा.

---

ठकीची_आई, ठाणे
6 जुलै, रात्री 12:10

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. हाताला इंजेक्शन सुरू झालं. चकली बेडरूममध्ये आहे, तीन घमेली आणली, खिडकीला बटर पेपर लावला. सासूबाईंना निळी_खिडकी ताईंचं वाचून दाखवलं, त्या काही बोलल्या नाहीत पण रात्री स्वतः मांदेली उकडून काटे काढून दोन वेगळ्या वाट्यांत ठेवल्या. परत लिहिते.

---

ठकीची_आई, ठाणे
30 जुलै, रात्री 10:35

उशीर झाला, पण मुद्दाम थांबले होते, उगाच लवकर लिहून दृष्ट लागायला नको.

पहिले पाच दिवस काहीच फरक नाही. पंचा बघून ठकी अशी फिस्कारली की मी तो उचलून बाल्कनीत ठेवला. मग दोन दिवसांनी परत, लांब ठेवला, सोफ्यामागे. आठव्या दिवशी सकाळी बघते तर ठकी त्या पंचावर झोपलेली. पंचावर! मी लेकीला उठवून दाखवलं.

दाराच्या दोन्ही बाजूंनी जेवणं सुरू केली तेव्हा बरं चाललं होतं आणि मी घाई केली. एका रविवारी पाहुणे आले, बेडरूमचं दार उघडं राहिलं, ठकी आत गेली आणि परत तेच, चकली पडद्यावर चढली. त्या रात्री खरंच रडले, वाटलं सगळं पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवसापासून ताटल्या परत पाच फुटांवर. पण यावेळी चार दिवसांतच दारापाशी आल्या, पहिल्यांदा दहा लागले होते.

जाळीसाठी नवऱ्याने जुन्या कूलरची चौकट आणली, त्यावर सासूबाईंची जुनी सुती साडी. साडी वर घ्यायचं काम त्यांनीच अंगावर घेतलंय, रोज संध्याकाळी दिवा लावला की चार बोटं मोजून वर घेतात आणि खाली टाचणी लावतात, मला हात लावू देत नाहीत. काल साडी निम्म्यावर होती. चकली खात होती, ठकी खाऊन झाल्यावर तिथंच बसली, आणि तिने डोळे हळूच मिटले, परत उघडले, परत मिटले. चकलीने बघितलं आणि ती तोंड पुसायला लागली. फिस्कारणं नाही, काही नाही. मग ठकीने जाळीला गाल घासला, जिथं चकली रोज घासते त्याच कोपऱ्याला.

अजून एकत्र सोडलेल्या नाहीत. गादीवर लघवी त्या दिवसापासून एकदाही नाही. नाशिकचा विषय नवऱ्याने परत काढला नाही.

आता प्रश्न ठकीच्या ऑपरेशनचा. परत तेच दवाखान्याचे वास, परत तीच टोपली, विचार करूनच पोटात गोळा येतोय. तेव्हा काय करू ते सांगाल का?

---

पाच_मांजरांचं_घर, सांगली
31 जुलै, सकाळी 6:50

ताई, त्या पंचावर झोपली वाचून डोळ्यात पाणी आलं.

जाळी निघून दोघी महिनाभर एकत्र नांदल्या की मगच तारीख घ्या. दवाखान्यात सांगा की सकाळी आणून संध्याकाळी घरी न्यायचीय, निरोगी मांजरीला बहुतेक ठिकाणी तसं देतात. नेताना टोपलीत दोघींच्या अंगाखालची चादर घाला, तिचे दोन तुकडे करा, एक ठकीबरोबर जाईल, एक घरी चकलीजवळ राहील. आल्यावर ठकी थेट बेडरूममध्ये, दार बंद, चकलीला भेटवायचीच नाही. टोपली बाहेर बाल्कनीत, तिलाही दवाखान्याचा वास असतो. दुसऱ्या दिवशी घरच्या तुकड्याने ठकीच्या पाठीवरून, गालावरून हलकेच पुसा, टाक्यांना सोडून. दाराच्या फटीतून चकली वास घेईल, ती काय करते ते बघा. फिस्कारली तर पंचापासून सुरू. नाही फिस्कारली तरी कॉलर निघेपर्यंत जाळी ठेवाच.

ती कूलरची चौकट टाकू नका. आणि साडी वर घ्यायचं काम आईंकडेच राहू द्या.